खोड की शैली? जॅझ गिटार, नोंद ८

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की अंगठ्याने वाजवणाऱ्या जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीच्या नादाने पिक (तार छेडायची छोटी चकती) बाजूला ठेवलंय. ३ महिने नुसत्या अंगठ्याने वाजवलं. ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) बऱ्यापैकी बसले. ५वी आणि ३री तार छेडताना मधली ४थी आता गप्प राहते. तर्जनी जराशी आडवी टाकून तिच्या पोटाने ती दाबायची, एवढ्यासाठीच दीड महिना गेला. मग रेकॉर्डिंग ऐकलं आणि चेहरा पडला. वेसची नक्कल, तीही लंगडी. पिक परत हातात घेतलं.

पण त्या रेकॉर्डिंगमधली एक गोष्ट वेसची नव्हती. माझी करंगळी कच्ची आहे. (गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची २ बोटं १९२८च्या आगीत निकामी झाली आणि उरलेल्या दोघांवर त्याने आपले सोलो उभे केले, त्यामुळे ही तक्रार करायला लाजच वाटते.) तिला टाळायला मी अनामिकेने घसरतो. एफमधल्या बारा बारच्या ब्लूजमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) ४थ्या तारेवर, ६व्या फ्रेटवरून (पडद्यावरून) ७व्यावर: ए फ्लॅटवरून अर्धा सूर वर, एवर. जवळजवळ मींडच. खाली एफ सेव्हन कॉर्ड असली की हे गोड लागतं. ५व्या बारला बी फ्लॅट सेव्हन येते, तरी बोट घसरतंच, आणि तिथे तो ए म्हणजे दाताखाली खडा. त्या कॉर्डला हवा असतो ए फ्लॅट, म्हणजे जिथून मी नुकताच निघालो तोच स्वर!

म्हणजे ही शैली नव्हे, खोड. मला नको असतानाही वाजतेय ना.

म्हणून एक आठवडा घसरणं पूर्ण बंद. पहिले दोन दिवस भयंकर गेले. हात प्रत्येक फ्रेजच्या (स्वरवाक्याच्या) तोंडाशी अडखळायचा, पहिली मात्रा रिकामी जायची आणि मी दुसरीनंतर कुठेतरी आत शिरायचो. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की हे उशिरा शिरणंच बरं वाटतंय. आधी माझी प्रत्येक फ्रेज समेवर धाडकन येऊन पडायची. गिटारवादक जिम हॉल इतकी वर्षं ऐकला, पण तो मध्ये जागा सोडतो ती मला नुसती शांत वाटायची; त्या जागेत पुढची फ्रेज कशी ताणली जाते ते आत्ता कानाला कळलं.

आता घसरणं परत आणलंय, पण ५व्या बारला उलटं: एवरून खाली ए फ्लॅटवर. आधीच्या कॉर्डचा तिसरा स्वर अर्धा सूर उतरला की पुढच्या कॉर्डचा सातवा होतो. मेट्रोनोमचा ठोका २ऱ्या आणि ४थ्या मात्रेवर, वेग मिनिटाला ११० मात्रा. काल १० कोरस (बारा बारची पूर्ण आवर्तनं) वाजवले, त्यातले ३ ठेवण्यासारखे.

८व्या बारची डी सेव्हन अजून छळतेय. तिथे एफ शार्प हवा, आणि तो त्याच तारेवर ४थ्या फ्रेटला आहे. बोट मात्र सवयीने ७व्याकडेच धावतं.