आमची वाटचाल: मस्कत, तीन गाड्या आणि एक कॉम्प्रेसर

बरेच जण विचारतात की साताऱ्याचा माणूस ओमानच्या डोंगरात टुरिस्टच्या गाड्या कशा फिरवतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

2004 ला मी मस्कतला आलो तो मेकॅनिक म्हणून, वादी कबीरच्या गॅरेजमध्ये. 2009 ला जुनी लँड क्रूझर घेतली आणि अल हमराचा एक ओमानी पार्टनर मिळाला. धंद्याचं लायसन त्याच्या नावावर, गाडी माझी. त्याला आम्ही सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचो. डोंगर वाचायला त्यानेच शिकवलं. मस्कतला कडक ऊन असलं तरी वर पाऊस पडला असेल तर खाली कोरड्या पात्रात अचानक पाणी येतं, इकडे त्याला वादी आली म्हणतात. जबलवर, म्हणजे डोंगरावर, काळं दिसलं की तो किल्ली काढून खिशात ठेवायचा, गेस्ट कितीही चिडू दे. 2007 चं गोनू वादळ मी स्वतः बघितलंय, त्यामुळे मला ते पटवून द्यावं लागलं नाही.

पुढची सात-आठ वर्षं गाड्या चालत होत्या, एकाच्या तीन झाल्या, बस.

मग 2018 ला एका दुसऱ्या कंपनीने आमचं हॉटेल डेस्क, म्हणजे हॉटेलच्या गेस्टच्या ट्रिपचं काम, नेलं. रेट इतका पाडला की त्यात पेट्रोल आणि टायर धरले तर ड्रायव्हरला काय देणार हे मला आजही कळत नाही. शहरात सेडान चालवणारी पोरं त्यांनी वादी बनी औफच्या डोंगरी रस्त्याला पाठवायला सुरुवात केली. ज्यांनी शराफ अल अलमैनच्या माथ्यावरून खाली बिलाद सैत गावाकडे गाडी उतरवलीय त्यांना सांगायला नको, तो उतार ब्रेकवर उतरायचाच नाही. त्यांची एक गाडी अशीच वळणावर उभी, चाकातून धूर, पेडल पार खाली गेलेलं, आत एक म्हातारं जोडपं. मी चाकांना दगड लावले, अर्धा तास ब्रेक थंड होऊ दिले, मग 4L, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची लो रेंज, पहिला गियर, आणि इंजिनवर गाडी खाली आणली. त्या मालकाचा साधा फोन नाही आला. पुढच्या सीझनला हॉटेलने परत त्यांनाच काम दिलं. हे मी विसरलेलो नाही.

एक सांगतो, भाड्याची गाडी घेऊन या रस्त्यावर जाणार असाल तर इन्शुरन्सचा कागद आधी वाचा, आणि स्टेपनी एक नाही दोन घ्या. इथला चुनखडीचा दगड टायरची साइडवॉल कापतो, तिथे पंक्चरच्या भोकात घालायची रबरी वळी काही कामाची नाही. वाळूत, म्हणजे शर्कियाला, टायरची हवा 15-18 psi वर आणायची आणि डांबरी रस्त्याला लागल्याबरोबर परत भरायची, नंतर बघू म्हणायचं नाही. गेज स्वतःचं ठेवा, पंपावरच्यावर माझा विश्वास नाही. माझा कॉम्प्रेसर पहिल्या गाडीपासूनचा आहे, दोनदा मोटर बदलली पण टाकला नाही.

2019 ला दोन नव्या प्राडो हप्त्यावर काढल्या आणि मार्च 2020 ला टुरिस्ट व्हिसाच बंद. गाड्या उभ्या, हप्ते चालू. एक प्राडो विकली. बायकोने गावाकडची जमीन विकायला काढायची का असं विचारलं तेव्हा मला रात्रभर झोप नाही.

त्याच आठवड्यात पुण्याच्या सरांचा फोन आला. सर जिऑलॉजीचे, दर एक-दोन वर्षांनी विद्यार्थी घेऊन येतात, कारण समुद्राच्या तळाखालचा खडक, ऑफिओलाइट, इथे जमिनीवर मैलोन्‌मैल उघडा पडलाय, जगात इतका चांगला फार कमी ठिकाणी दिसतो. वादी जिझ्झीची उशीसारखी गोल लाव्हा बघायला त्यांच्याबरोबर मी इतक्यांदा गेलोय की आता मीच गेस्टना समजावून सांगतो. सर म्हणाले, पुढच्या ट्रिपचे पैसे आत्ताच पाठवतो, ट्रिप कधी का होईना. तारीख नाही, व्हिसा नाही, विमान नाही, आणि माणूस पूर्ण पैसे पाठवतो! त्यात तीन हप्ते गेले. ट्रिप 2022 च्या डिसेंबरात झाली आणि मी स्वतः चालवली.

अर्बाब आता थकलाय, जबल शम्सचा चढ चढत नाही, पण निघायच्या आधी फोन त्यालाच करतो. तो घराच्या गच्चीवर जाऊन डोंगराकडे बघतो आणि सांगतो, मग आम्ही गाड्या काढतो.