मे महिना, नागपूर आणि एक अनियतकालिक मित्र

मे महिन्यात नागपूरला हौसेने कोणी जात नाही. मित्राच्या आजारपणाचा वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला आणि मिळेल ते आरक्षण घेऊन मी मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. आठशे किलोमीटरांहून अधिक असलेले हे अंतर गाडी एका रात्रीत कापते, त्यामुळे प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे उरत नाही. सकाळी धामणगाव मागे पडल्यावर पुलगावच्या अलीकडे गाडी वर्धा नदीच्या पुलावर येते, तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. बुटीबोरी येईपर्यंत खिडकीचे गज हाताला चटके देऊ लागले होते.

मित्राचे घर हनुमाननगरात, मेडिकल चौकापासून जवळच आहे. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तशी त्याचीच अट आहे. फुप्फुसे निकामी होत आल्याने डॉक्टरांनी आता घरीच ठेवायला सांगितले होते. खाटेशेजारी ऑक्सिजनचे यंत्र घरघरत होते, त्याच्या बाटलीतले पाणी बुडबुडत होते आणि नाकात नळी असलेला माझा मित्र न पेटवलेली विडी बोटांत धरून बसला होता. ऑक्सिजनजवळ काडी ओढता येत नाही, पण विडी नुसती धरायला कोणाची हरकत असणार?

‘‘काहून आला बे या उन्हात? तार आली होती का मी गेल्याची?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, येताना पोहे खाल्ले का आणि तर्रीत चणे होते की निस्तं लाल पाणी. चणे होते म्हटल्यावर त्याने समाधानाने मान हलवली. स्वतः तो तेव्हा चमचा-चमचा पेजेवर होता.

खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. कूलर आणि यंत्र दोन्ही चालू असले की त्या आवाजावर बोलणे चढवण्याइतका श्वास त्याच्यापाशी नसे. म्हणून बोलायचे ठरले की वहिनी कूलर बंद करत, आणि बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना घामाने निथळत आम्ही वाद घालत असू. दर वाक्यानंतर तो थांबे. मीही थांबत असे, कारण त्याचे वाक्य मध्येच पुरे करून दिलेले त्याला कधीच खपले नाही.

त्याचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेच्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने बाबासाहेबांना लांबून पाहिले होते. कविता पुढे तरुणपणी आली, आणि ती ज्या वाऱ्याबरोबर आली तो वारा मुंबईकडून वाहत होता. तिथे १९५०च्या दशकाच्या मध्यात ‘शब्द’ निघाले, १९६३मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले आणि मग ‘फ’, ‘वाचा’, ‘येरू’ अशी एकामागून एक लघुअनियतकालिके निघत आणि बंद पडत राहिली. प्रस्थापित मासिकांच्या संपादकांपुढे कविता घेऊन उभे राहायचे नाही, पैसे जमतील तेव्हा अंक काढायचा आणि संपले की थांबायचे, एवढाच काय तो जाहीरनामा. १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली, आणि आपल्या वस्तीतल्या शिव्यांनाही कवितेत जागा आहे याची नागपूरच्या या मुलाला खात्री पटली.

त्याचे स्वतःचे अनियतकालिक एका युनियनच्या कचेरीत रात्री छापले जाई. मेणाच्या स्टेन्सिलवर रिबन काढून ठेवलेल्या टाइपरायटरने अक्षरे ठोकायची, चूक झाली की तिथे लाल द्रव फासून पुन्हा ठोकायचे, मग ते स्टेन्सिल सायक्लोस्टाइलच्या रोळावर ताणून हँडल फिरवायचे. मी सुट्टीत गेलो की हँडल माझ्याकडे असे. शाई बोटांना लागली की साबणाने निघत नसे, रॉकेलच लागे. ते अंक आता त्याच्या खाटेखालच्या लोखंडी पेटीत होते. कूलरच्या ओलीने कागद दुमडले होते आणि टाचण्यांच्या गंजाचे तपकिरी डाग चौथ्या-पाचव्या पानापर्यंत उतरले होते.

आमचा वाद या पेटीवरूनच होता. माझे म्हणणे, हे सगळे एका पुस्तकात यावे. त्याचे म्हणणे, मरण्यासाठी काढलेले अंक मरू द्यावेत. ‘‘पुस्तक झालं का कविता काचेच्या कपाटात जाते, अन् मग तिच्यावर पीएच.डी. होते,’’ तो म्हणाला. मी अरुण कोलटकरांचे उदाहरण दिले. त्यांनी आयुष्यभर पुस्तकांची घाई केली नाही, पण २००४मध्ये जाण्याआधी शेवटच्या काळात आपल्या कवितांची पुस्तके होऊ दिली. तसे झाले नसते तर नंतरच्या वाचकाच्या हाती काय आले असते? यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग, ‘‘ते कोलटकर होते,’’ असे म्हणून त्याने डोळे मिटले. हा युक्तिवाद नव्हे, हे त्यालाही कळत होते.

‘‘तुम्हीच समजवा भाऊजी, माझं कुठं ऐकतात ते,’’ वहिनी म्हणाल्या, पण पेटीची किल्ली त्यांनी न विचारताच माझ्या हातात दिली. संध्याकाळी अंक घेऊन मी बर्डीला झेरॉक्स काढायला गेलो. दुकानातला मुलगा टाचण्या काढायला तयार होईना. कागद फाटला तर काका माझ्या नावाने ओरडतील, असे त्याचे म्हणणे. शेवटी मीच नखाने एकेक टाचणी उचकटली. परतताना रिक्षावाल्याने गांधीसागरच्या बाजूने रिक्षा घेतली. १८७७मध्ये टाटांनी जिथे एम्प्रेस मिल सुरू केली, तिथे आता मॉल उभा आहे आणि त्याच्या नावात ‘एम्प्रेस’ शिल्लक आहे. मित्राला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि त्या हसण्याने त्याला इतका खोकला आला की वहिनी माझ्यावर रागावल्या.

झेरॉक्स पाहिल्यावर मात्र त्याचा सूर बदलला. गंजाचे डाग काळे उमटले होते, काही ओळी त्याखाली गेल्या होत्या. त्या कोणत्या, हे त्याला पाठ होते. मी वाचायचे, डागापाशी थांबायचे आणि त्याने पुढचे शब्द सांगायचे, असा आमचा उद्योग सुरू झाला. एके ठिकाणी मी स्वल्पविरामावर थांबलो नाही, तर त्याने बोट उचलून मला मागे नेले. सात कवितांवर त्याने फुली मारायला लावली. त्यांतली एक मला फार आवडते, पण मी भांडलो नाही.

निघायच्या दिवशी त्याने अटी सांगितल्या. नावात ‘समग्र’ नको, प्रस्तावना नको, किंमत रिक्षावाल्यालाही परवडेल अशी हवी आणि कवितांखालच्या तारखा काढून टाकायच्या.

‘‘अन् आता परत येऊ नको,’’ तो म्हणाला. ‘‘पोचवायला तर बिलकूल नाही. तिथं भाषणं होतील, तुला ऐकवणार नाही.’’

मी त्याचा हात धरला. त्याने विडी दुसऱ्या हातात घेतली, माझा हात दाबला आणि वहिनींना कूलर लावायला सांगितला, म्हणजे बोलणे संपले होते.

आता पुस्तक टंकलिखित होते आहे. प्रस्तावना असणार नाही, फुली मारलेल्या सातही कविता असणार नाहीत. तारखा मात्र मी ठेवणार आहे. १९७३ सालच्या कवितेखाली १९७३ लिहिलेले असलेच पाहिजे, असे माझे मत आहे, आणि ते मी त्याला फोनवर सांगितले आहे. त्याने शिवी दिली आणि फोन वहिनींकडे दिला.