गुडघा, केसपेपर आणि 'क्वेरी'

ऑपरेशनची मला भीती नव्हती. एक्स-रेत सरळ दिसत होतं, सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. डाव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा ठरला. तपासण्या एका सकाळी उरकल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त निघाली, ती आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी थांबवलं. तेही पटलं, साखर चढलेली असताना चिरफाड केली तर जखम चिघळायची भीती जास्त. माझं घोडं अडलं ते कॅशलेसच्या, म्हणजे बिल परस्पर विमा कंपनीने भरायच्या मंजुरीच्या टेबलाशी, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

पॉलिसी डिसेंबर 2022ची, मुलाने काढून दिलेली. सांधे बदलण्यासाठी तिच्यात दोन वर्षं थांबायची अट होती. फेब्रुवारी 2025मध्ये ऑपरेशन ठरलं, म्हणजे ती अट संपलेली. आता अडचण कसली, असं आम्ही धरून चाललो.

केसपेपर लिहायला एक तरुण डॉक्टर बसला होता. "काकू, किती वर्षांपासून दुखतंय?" मी म्हटलं, "जिना चढताना कुरकुर तर पाच-सहा वर्षं आहेच." त्याने मान न वर करता इंग्रजीत लिहिलं: 'नोन केस ऑफ ऑस्टिओआर्थ्रायटिस, सिक्स इयर्स'. म्हणजे सांधे झिजल्याचं निदान सहा वर्षांपूर्वीच झालेली जुनी रुग्ण! मी सिडकोतल्या आमच्या जिन्याबद्दल बोलत होते, त्याने आजार लिहून टाकला. डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेले ती 2023च्या पावसाळ्यात.

झालं. विमा कंपनीकडून क्वेरी आली. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा दिसतो, खुलासा करा. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांची प्रतीक्षा, आणि माझी जेमतेम दोन वर्षं उलटलेली. टेबलाच्या काचेवर कागद चिकटवलेला: 'कृपया वारंवार चौकशी करू नये'. त्याखाली बसलेला मुलगा तसा सभ्य होता, पण त्याच्याकडे एकच उत्तर होतं, "मॅडम, वरून आलं नाही." वर कोण असतं ते त्यालाही माहीत नसावं. आमचे हे तिथेच खुर्चीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत राहिले. मला ते जमलं नाही.

आधी कंपनीने पहिल्या तपासणीचा कागद मागितला. तो दिला, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. तेही दिलं, तेव्हा विचारलं की मग केसपेपरवर सहा वर्षं का? हे तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी एकत्र विचारता आले नसते का? विमा नियामकाच्या 2024च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा तीन तासांत द्यायला सांगितलंय. प्रत्यक्षात क्वेरी टाकली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऑपरेशनची तारीख हातची गेली. हेल्पलाइनवर संगीत ऐकून ऐकून कान किटले.

सुटका झाली ती मुलाने पॉलिसीचं पुस्तक वाचल्यामुळे. आधीपासूनचा आजार कशाला म्हणायचं, याची व्याख्या त्यात आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर त्यांनी सल्ला वा उपचार दिलेला. नुसतं दुखणं त्यात बसत नाही. मोठ्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की रुग्णाने लक्षणांचा काळ सांगितला, निदानाचा नव्हे, आणि पहिला एक्स-रे 2023चा आहे. कपाटावरच्या पिशवीतून तो एक्स-रेही निघाला, पाकिटावर तारखेसकट. मंजुरी आली तेव्हा मला आनंद झाला नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच होतं तर!

म्हणून सांगते, खोटं काही सांगू नका, पण केसपेपर हातात घेऊन वाचा. दुखणं कधीपासून आणि निदान कधी, या दोन तारखा वेगळ्या लिहायला लावा. नियोजित ऑपरेशनचे कागद आदल्या दिवशी नाही, किमान तीन-चार दिवस आधी पाठवायला सांगा. जुना एकही एक्स-रे रद्दीत घालू नका.

ऑपरेशन? झालं. कमरेत इंजेक्शन देऊन. संध्याकाळी वॉकर धरून उभंही केलं. खरी कसोटी घरी आल्यावर लागली, रात्री. उशी गुडघ्याखाली घ्यावीशी वाटते, घेऊ नका. पाय वाकलेलाच राहायची सवय लागते, मग सरळ होताना जीव जातो. उशी टाचेखाली घ्या. पंजा खालीवर हलवायचा व्यायाम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तो असतो. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता फोन करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. हे मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती ऑपरेशनच्या आधीच घरात आणून ठेवा. नंतर शोधायला कोण पळणार?

मधेच आठवलं, बिलात इम्प्लांटची, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याची, किंमत वेगळी दाखवायला सांगा आणि त्याचा स्टिकर जपून ठेवा. 2017 साली सरकारने या किमतींना मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या इम्प्लांटला तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरले होते. हातमोजे वगैरे किरकोळ खर्च मात्र विम्यातून कापले जातात, तेवढी रोख जवळ असू द्या. आणि दाढ किडली असेल तर ऑपरेशनआधीच दाखवा, तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात.

आता सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालते. मांडी घालून बसत नाही, बसणारही नाही. लग्नाच्या पंगतीत खुर्ची मागायला मला अजिबात लाज वाटत नाही.