चावडीवरच्या फलकातील माणसे

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवराचा एक लहान फलक बसवलेला आहे. पहिल्या महायुद्धात (फलकावर वर्षे १९१४ ते १९१९ अशी आहेत) या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच त्यावर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही. असे फलक जिल्ह्यातील इतर गावांतही आहेत. एकट्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ जवान गमावले.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता युद्ध थांबले, म्हणून त्या तारखेस आमची शाळा आणि गावातील माजी सैनिक दरवर्षी या फलकापुढे जमत. तारीख पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत येई; तरीही आम्ही मुले गणवेशात हजर असू, आणि भाऊबिजेला माहेरी आलेल्या लेकी व रजेवर आलेले जवान यांच्यामुळे चावडीपुढचे पटांगण भरून जाई. फलक धुऊन पुसून त्याला झेंडूचा हार घातला जाई, अकराला सारे स्तब्ध उभे राहत, आणि मग गुरुजी नावे वाचू लागत. ही नावे त्यांनी घरोघरी फिरून, पेन्शनच्या जीर्ण कागदांवरून आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून जमवून एका लांब वहीत शाईने उतरवली होती. नाव पुकारले की त्या घरचे कोणीतरी पुढे येऊन फूल वाही. आमच्या शेजारच्या आजी चुलत्याचे नाव येताच डोक्यावरचा पदर सारखा करून, कोणाचाही हात न धरता पायऱ्या चढत.

आमच्याकडची बरीच माणसे फ्रान्सला नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली होती. तेथील कुत-अल-अमारा शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून सुमारे पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सुमारे १३,००० सैनिक तुर्कांच्या हाती पडले आणि त्यांतले कितीतरी कैदेत व वाळवंटातील पायपिटीत मेले. गुरुजी हे सांगत तेव्हा आवाज चढवत नसत. तुर्कस्तानशी युद्धविराम ११ नोव्हेंबरच्या आधी, ३० ऑक्टोबर १९१८ लाच झाला होता, हेही ते आवर्जून सांगत.

पुढे मला कळले की ४०,००० हून अधिक मृतांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, पलटणीखाली केवळ आकडे आले. या भेदभावाबद्दल अशी स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. जे काम त्या मोठ्या संस्थेने टाळले, ते आमच्या गुरुजींनी स्वतःच्या पगारातून वही-शाई घेऊन केले होते, याचा मला फार अभिमान वाटतो. ती वही आता शाळेच्या कपाटात आहे आणि आजही अकरा तारखेला तीतूनच नावे वाचली जातात.