अर्धाच विणलेला मोर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षीप्रमाणे हुकांनी उभे धागे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रासाठी, डिझाइनची फाइल बनवणारा प्रोग्रॅम होता. सी भाषेतला, लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. पण बिलं, जीएसटी, हिशेब सगळं विंडोजवर, आणि मालकांना टेबलावर एकच कॉम्प्युटर हवा होता. तो प्रोग्रॅम विंडोजवर आणायचं काम माझ्याकडे आलं.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला कोड चालता प्रोग्रॅम करून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं, आधी भरपूर शिव्या घातल्या. लिनक्सवर हाताशी असणारी ‘युनिस्टडी’ हेडर फाइल नाही, नवी प्रोसेस सुरू करणारा ‘फोर्क’ तर विंडोजमध्ये नाहीच. त्याच्या जागी विंडोजचं क्रिएटप्रोसेस बसवलं. हे चालायचंच. कंपायलर निदान ओरडून तरी सांगतो. जुन्या फाइली मात्र गुपचूप फसवत होत्या: डिझाइनची रुंदी बरोबर, लांबी शून्य. ‘लाँग’ या प्रकारचा आकडा ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा, विंडोजवर ४ चाच. त्यामुळे लांबी म्हणून रुंदीच्याच आकड्याचा वरचा, रिकामा अर्धा भाग वाचला जात होता. तिथे नेमक्या मापाचे ६४ बिटचे आकडे घातले.

चौकड्याची चादर झकास निघाली. मग मास्तरांनी मोर लावला. पिसाऱ्यापर्यंत ठीक, आणि तिथून एकही हुक उचलेना. आडवे धागे नुसते वर लोंबकळत राहिले.

‘‘सर, मागाला काही झालेलं नाही. जुन्या कॉम्प्युटरवरची फाइल लावा, बघा,’’ मास्तर म्हणाले. लावली. अख्खा मोर निघाला.

मोर जिथे तुटला होता, तिथला बाइट उघडून पाहिला. २६. म्हणजे बिटांत ०००११०१०. एक बिट म्हणजे एक हुक, १ असेल तर वर: आठ हुकांपैकी चौथा, पाचवा आणि सातवा वर, बाकी खाली. विणीच्या दृष्टीनं अगदी साधी उचल. पण विंडोजवर फाइल टेक्स्ट म्हणून उघडली की २६ म्हणजे कंट्रोल-झेड, फाइल संपली! ही सीपी/एम या डॉसच्याही आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातली खोड. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जायची, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते सांगायला हे चिन्ह लागायचं. डॉसनं ते उचललं आणि आपण अजून निस्तरतोय. युनिक्सला टेक्स्ट आणि बायनरी असा भेदच नाही, त्यामुळे मूळ लिहिणाऱ्यानं फाइल उघडताना नुसतं ‘आर’ (वाचायला) लिहिलं यात त्याचा काय दोष?

त्याचं ‘आरबी’ केलं, म्हणजे बायनरी म्हणून वाच. लिहिण्याच्या बाजूला तर आणखी घोळ झाला असता: टेक्स्ट म्हणून लिहिताना प्रत्येक १० या बाइटला नवी ओळ समजून विंडोज त्याच्या आधी १३ घुसवतं, म्हणजे तिथून पुढची सगळी नक्षी आठ हुक सरकते. म्हणून फाइल उघडणारा प्रत्येक ‘एफओपन’ शोधून लिहिण्यासाठी ‘डब्ल्यूबी’ही घातलं.

मास्तरांना कागदावर ती तीन हुकं काढून दाखवली. ते हसले. ‘‘ही उचल तर निम्म्या फुलांत आहे, सर. बरं झालं मोरच आधी लावला.’’

मग त्यांनी कपाटातल्या सगळ्या फुलांच्या फाइली काढल्या, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही त्या एकेक करून मागावर तपासत बसलो.