राणी होती, अंडी नव्हती

जावळी तालुक्यातल्या एका मधपाळाने सातेरी जातीच्या माश्यांची पेटी बघायला बोलावलं होतं. वसाहत फुटून, जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन गेल्याला सोळा दिवस झालेले. "आत राणी नाहीच, दादा. एक अंडं दिसंना." म्हणून त्याने दुसऱ्या पेटीतली चांगली अंडी घालणारी राणी आत सोडली. सकाळी ती पेटीच्या तळाच्या फळीवर मरून पडलेली!

माश्या शांत होत्या, पायांना पराग लावून येत होत्या. राणी नसलेली पेटी अशी वागत नाही. मधल्या चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढं राणीघर, म्हणजे नवी राणी जिथे वाढते ते घर होतं, त्याच्या टोकाचं झाकण गोल कापून बिजागरीसारखं लोंबत होतं. राणी सुखरूप बाहेर पडल्याची ही खूण. शेजारची दोन घरं मात्र कुशीत फोडलेली, म्हणजे आतल्या बहिणी मारलेल्या. पोळ्याच्या मधोमध रिकामी घरं चाटूनपुसून लखलखीत ठेवलेली, म्हणजे माश्या नव्या राणीच्या अंड्यांची वाट बघत होत्या.

हिशोब सोपा आहे. जुनी राणी जाते तेव्हा राणीघर नुकतंच बंद झालेलं असतं. कुमारी राणी, म्हणजे अजून मिलन न झालेली, बाहेर यायला साधारण आठवडा, मिलनाला उडायला आणखी पाच ते आठ दिवस, त्यानंतर दोन-चार दिवसांनी अंडी. पाऊस-ढग आले की हे सगळं लांबतं. तोवर दुसरी राणी घातली की ती मेलीच समजा.

तरी शंका असेल तर दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्यांची चौकट द्यावी. दोन-तीन दिवसांत त्यावर राणीघरं उठली तर राणी नाही; नाही उठली तर बहुधा आहे. इथे गरज पडली नाही. कुमारी राणीचं पोट आखूड असतं, ती पळते फार. इथली राणी चौकटीवरून उतरून पेटीच्या लाकडावर गेलेली दिसली. धूर जास्त दिला की ती उडते, म्हणून एकच फुंकर. पेटी उघडायची ती सकाळीच. दुपारी राणी मिलनाला गेलेली असते, परतताना पेटी उघडी किंवा हललेली दिसली तर शेजारच्या पेटीत शिरते आणि मारली जाते. वेडा राघू, कोतवाल टिपतात ते वेगळंच.

राणी निवडायची तर आधी तिची पेटी बघावी: माश्या डंखऱ्या नकोत, घर सोडून पळणाऱ्या नकोत. राणीघराच्या टोकावरचं मेण कुरतडून तपकिरी कोष दिसू लागला, की राणी एक-दोन दिवसांत निघणार. तेव्हाच ते पोळ्याच्या तुकड्यासकट कापून, न हिंदकळता, उभंच राणी नसलेल्या पेटीत बसवावं. बाहेर पडून काही तासच झालेली कुमारीही माश्या सहज घेतात. चार दिवसांची सहसा घेत नाहीत.

पेटी आठवडाभर उघडायची नाही असं त्याला बजावलं. मग बघायचं ते हे: अंडं घराच्या तळाशी उभं, एकेक असेल तर राणीचं. नवी राणी सुरुवातीला चुकून एका घरात दोनही घालते. घराच्या भिंतीला, वेडीवाकडी, चार-पाच चिकटलेली दिसली तर ती कामकरी माश्यांची, म्हणजे राणी नाही.