गोदूचा दहावा

शनिवार, रात्री

आम्ही पाच जण रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: गोष्टीतलं जग मी चालवते, बाकी चौघं त्यात आपापलं एकेक पात्र. उद्याच्या सेशनची तयारी एका पानात बसली. वर लिहिलंय ‘घाटमाथा, जकात नाका’. खाली नाकेदाराला काय हवंय, त्याच्या दोन पहारेकऱ्यांचं आपसात का पटत नाही, तांड्याच्या बैलांवर नक्की काय लादलंय आणि पाऊस कधी येणार. मंडळी नाक्यावर काय करतील हे लिहायच्या भानगडीत मी पडत नाही. लाच देतील, रात्री चोरवाटेने जातील, नाकेदाराच्या मुलीचं लग्न जमवून देतील. काहीही करू शकतात, पूर्वी केलेलं आहे.

पण उद्या आधी गोदूचं उरकायचंय. गोदू म्हणजे माझ्या डेंटिस्ट मैत्रिणीचं पात्र. चोरटी, तोंडाळ, सगळं आयुष्य उधारीवर काढलेली. मागच्या रविवारी घाटाखालच्या डोहात गिऱ्ह्याने तिला धरलं. (आमचा गिऱ्हा म्हणजे आकडे नियमांच्या पुस्तकातल्या मगरीचे आणि नाव कोकणातलं. खेळातली मगर चावली की धरून ठेवते, गिऱ्हाही माणसाला पाण्यात ओढतो म्हणतात. फक्त नाव बदललं, काम झालं.)

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्राचे प्राण शून्यावर आले की लगेच मरण येत नाही. दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर एक जमा, कमी पडले तर एक खर्च. तीन जमा आधी झाल्या तर जीव टिकतो, तीन खर्च आधी झाले तर आटोपलं. वीस पडले तर माणूस उठून बसतो, आणि एक पडला तर दोन खर्च एकदम लागतात. गोदूच्या नावावर एक जमा आणि एक खर्च होता. मैत्रिणीने फासा दोन्ही तळव्यांत घोळवला आणि टाकला. तो गडगडत जाऊन चहाच्या कपाला आपटला आणि थांबला. एक.

तिचा नवरा इंजिनियर आहे, नियमांतल्या फटी शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो म्हणाला, “कपाला लागला. परत टाक.” तिनेच नाही म्हटलं.

मेलेल्याला उठवायचा मंत्र नियमांत आहे, पण तो मिनिटाभरात म्हणावा लागतो आणि त्याला ३०० सोन्याच्या मोहरांचा हिरा लागतो. आमच्या टोळीची एकूण मालमत्ता दोन बैल आणि एक खोटी सनद.

खेळ चालवणारे, म्हणजे डीएम, बरेच जण पुठ्ठ्याचा आडोसा करून त्यामागे फासे टाकतात आणि वेळ पडली तर आकडा गुपचूप बदलतात. त्यांची कारणं मला समजतात. नवखा खेळाडू असेल, पहिल्याच दिवशी पात्र मरत असेल, तर कोणालाही दया येईल. पण मी सगळे फासे उघड्यावर टाकते. गोदू वाचणार हे मी मनाशी ठरवून बसले असते, तर त्या फाशाकडे बघताना चौघांचे श्वास अडकले असते आणि माझा एकटीचा चालू राहिला असता. पुढचं सगळं ठाऊक असलेली गोष्टच रंगवून सांगायची असती तर मी कीर्तन शिकले असते.

मावसभावाचा ग्रुपवर मेसेज आलाय: ‘ताई, उद्या आधी गोदूचा तेरावा, मग जकात.’ मी तो मोठ्याने वाचला, तर आतून आईचा आवाज आला. “तेराव्याला जेवण असतं. पिंडाला कावळा शिवतो तो दहाव्याला. एवढंही माहीत नाही का तुम्हाला?” मग थोडं थांबून, “आणि नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करतात.”

हे मात्र पानावर लिहून ठेवलं.

रविवार, झोपण्याआधी

दहावा झाला. त्यातच अख्खी दुपार गेली, जकात नाक्याला पोचलोच नाही. पान पुढच्या वेळी जसंच्या तसं वापरता येईल, हा फायदा.

मावसभाऊ जर्मनीहून खेळतो, तिकडे तेव्हा सकाळ असते. लॅपटॉप लोणच्याच्या बरणीला टेकवलेला असतो आणि दर थोड्या वेळाने घसरतो, की तो छताशी बोलायला लागतो. तर त्याने छताशी बोलतच नदीकाठी जागा निवडली. इंजिनियरच्या पात्राने, हैबतीने, भात शिजवला. माझ्या ऑफिसातल्या ज्युनिअरचा भगत पिंड मांडून बाजूला झाला. (हा मुलगा ऑफिसात मला मॅडम म्हणतो आणि टेबलावर ताई. एकदा कामाच्या वेळी क्लायंटसमोर चुकून ताई म्हणाला होता.) मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. शिवतो का?

एरवी मी फासा टाकला असता. पण मैत्रीण आज बिनपात्राची, सोफ्याच्या टोकाला शेंगा सोलत बसली होती.

मी म्हटलं, “कावळा तू हो.”

“मी?”

“गोदूचं काय राहिलंय ते तुलाच ठाऊक. शिवायचं की नाही, तू ठरव.”

तिने टरफलं बाजूला सारली, हात झटकले आणि मान तिरकी केली. तेवढंच. पण टेबल एकदम गप्प झालं.

हैबती हात जोडून म्हणाला, “गोदे, तुझ्या भावाला कैदेतून सोडवू.” कावळ्याने ढुंकून पाहिलं नाही. मावसभाऊ म्हणाला, “त्या गिऱ्ह्याला मारल्याशिवाय घाट चढणार नाही.” कावळा सोफ्याच्या हातावर जाऊन बसला, म्हणजे लांबच गेला. मग आश्वासनांची रांग लागली. देऊळ बांधू, तुझ्या नावाने पाणपोई घालू, तुझा चोरीचा माल ज्याचा त्याला परत करू. या शेवटच्यावर कावळ्याने चक्क तोंड फिरवलं.

इंजिनियरचा धीर सुटला. “काकू म्हणाल्या ना, दर्भाचा चालतो. करू आणि निघू. पाऊस येतोय.”

“माझ्या दहाव्याला पण असंच करशील तू,” कावळा म्हणाला.

लॅपटॉप घसरला, मावसभाऊ हसताना कोणाला दिसला नाही, नुसता ऐकू आला.

मग ज्युनिअरने वही उघडली. हा मुलगा खेळताना फारसं बोलत नाही, “मी हल्ला करतो” हे त्याचं सर्वांत लांब वाक्य. त्याने दोन-तीन पानं मागे उलटली आणि वर न बघताच म्हणाला, “गोदूताई, नाकेदाराची तुझी उधारी आम्ही फेडू.”

ही उधारी कुठून आली? बऱ्याच सेशनपूर्वी गोदू विनोदाच्या भरात बोलून गेली होती की घाटाचा नाका ती एकदा उधारीवर ओलांडून आली. मी तेव्हा हसले आणि पुढे गेले, माझ्या टिपणांत त्याचा मागमूस नाही. त्याने मात्र लिहून ठेवलं होतं, खाली रेघ मारून. मैत्रिणीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, उठून टेबलापाशी आली आणि त्याच्यासमोरच्या पोह्यांच्या ताटलीला एक बोट लावलं.

शिवला!

आई दारात येऊन म्हणाली, “झालं का? आता सगळे आंघोळी करा आणि चहा घ्या.”

मंगळवार

काल ऑफिसात कोणीतरी विचारलं, रविवारी नक्की काय करता तुम्ही? पत्ते? समजावता आलं नाही. घरी आल्यावर मनात सलग उत्तर तयार झालं, ते इथे लिहून ठेवते.

मला या नादाला लावलं मावसभावाने. २०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये तो बेंगळुरूच्या एका खोलीत अडकला होता आणि रोज रात्री फोनवर तेच तेच बोलत होता. मग एके दिवशी म्हणाला, ताई, डिस्कॉर्ड टाकून घे, ग्रुपने बोलायचं ॲप आहे. पहिल्याच खेळात रस्त्यावर दोन घोडे मरून पडले होते आणि झुडपात गॉब्लिन दबा धरून बसले होते. माझ्या पुढ्यात तयार पात्राचा कागद. भाऊ म्हणाला, काय करतेस? मी म्हटलं, पर्याय काय आहेत? तो म्हणाला, पर्याय नाहीत, तू सांग. कॉम्प्युटरच्या खेळात चार बटणं असतात, इथे एकही नव्हतं. मी घोड्यांच्या खोगीरपिशव्या तपासल्या, म्हणजे लढाई सुरू होण्याआधी हिशेब. तेव्हापासून अडकले.

पुढे तो शिकायला जर्मनीला गेला आणि खेळ चालवायचं माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी नियम वाचायला तयार नव्हतं. मी जीएसटीची कामं करते. नियम, पोटनियम, अपवाद आणि अपवादाला अपवाद वाचायची मला सवय आहे. नंतर कळलं की हा खेळ ज्यांनी छापला त्या गॅरी गायगॅक्स यांनी आधी विमा कंपनीत अंडररायटरचं काम केलेलं. फार बरं वाटलं. त्या पुस्तकांतली कोष्टकं पाहिली की खूण पटते. डेव्ह आर्नेसन हे दुसरे निर्माते. लष्करी डावपेचांच्या खेळात प्रत्येक जण सैन्य हलवायचा. यांच्याकडे प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस आला आणि तो माणूस डावाअंती संपला नाही, पुढच्या वेळी तिथूनच पुढे निघाला. १९७४ साली हाताने जुळवलेल्या १,००० पेट्या निघाल्या. कोष्टकं गायगॅक्सची, पण माझा जीव आर्नेसनच्या त्या माणसात.

नियमांची पुस्तकं महाग आहेत, पण सुरुवातीला घ्यायची गरज नाही. मूळ नियम फुकट मिळतात आणि जानेवारी २०२३ मध्ये नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला. फासे मागवावे लागतात. चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. आम्ही नियम इंग्रजीत वाचतो, खेळतो मराठीत. इतर खेळांतलंही उचलतो. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये दोन साधे फासे टाकतात आणि सात ते नऊ पडले तर काम होतं, पण किंमत मोजून. कुलूप उघडलं, पण हत्यार आत मोडलं. तो मधला पट्टा मला इतका आवडला की थोडक्यात हुकलेल्या फाशाला मी आता ‘जमलं, पण’ म्हणते. त्या ‘पण’नंतर टेबल सावरून बसतं.

आमचा घाट कुठला, ते जुन्नरकडे भटकलेल्याला लगेच ओळखू येईल. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. खालच्या गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, नागनिका राणीच्या काळातल्या यज्ञांचा आणि दक्षिणेचा. गायी, हत्ती, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी, सगळं आकड्यांसकट. राजघराण्यातल्या माणसांची नावं भिंतीवर आहेत, त्यांच्या मूर्ती गेल्या. माणसं पुसली गेली आणि हिशेब राहिला, तिथे उभी राहून मी हेच बघत बसले होते. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी सलग गोष्ट, चालवायची तर इथेच, हे तेव्हा ठरलं.

पण जुना महाराष्ट्र घेतला की जात आलीच. खेळ सुरू होण्याआधी एक बैठक असते, त्यात कोणाला टेबलावर काय नको ते बोलून घ्यायचं. मला वाटलं होतं भुताखेतांवर बोलू. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो जातीवर. इंजिनियर म्हणाला, काल्पनिक जग आहे, काढून टाकू. ज्युनिअर म्हणाला, काढू शकतो, पण पाणवठ्यावर गेलो की मला ती दिसणारच. शेवटी पात्रांच्या कागदावर जात नाही असं ठरलं. नाका कोणाला अडवतो, कोणाला सोडतो, ते मात्र ठेवलं आणि त्यावर पात्रांनी चिडायची मुभाही ठेवली. हे आदर्श उत्तर आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्या बैठकीनंतर आम्ही एकमेकांशी जरा वेगळे बोलायला लागलो, एवढं खरं.

गुरुवार

येता रविवार २० तारखेच्या तोंडावर आहे, म्हणजे मी आणि ज्युनिअर दोघंही रिटर्न भरण्यात बुडालेले असणार. इंजिनियरची ऑनकॉल ड्यूटी. ड्रॅगन परवडला, पाच जणांचा एक रविवार जुळवणं कठीण. शनिवारी संध्याकाळवर आलंय, अजून पक्कं नाही.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला, दोन पेशंटच्या मध्ये. नवीन पात्र तयार आहे म्हणे, गोदूची धाकटी बहीण, अत्यंत सरळमार्गी. तिला ताईची उधारी वारशात मिळालीये, तर रक्कम किती?

“तू सांग,” मी म्हटलं.

“डीएम तू आहेस.”

“उधारी तुझी आहे.”

क्लिनिकच्या खणात तिने वीस बाजूंचा एक फासा ठेवलेला असतो, भुलीचं इंजेक्शन चढेपर्यंत चाळा म्हणून. फोनवर तो ट्रेमध्ये खणखणलेला ऐकू आला.

“सतरा.”

“सतरा काय? होन?”

जरा विचार करून ती म्हणाली, “बैल.”

टोळीकडे दोन आहेत. ग्रुपवर अजून कोणाला सांगितलेलं नाही. शनिवारी कळलं की इंजिनियर आधी ती सनद काढेल, आणि ती खोटी असल्याचं नाकेदाराला समजलंय का, असं मला आडून आडून विचारेल. तेवढं एक मात्र मला ठाऊक आहे.